ओकच्या झाडावरच्या गाठी कशा ओळखायच्या

मायफळ माहितीये ना, ते फळ नसतंच मुळी, ओकच्या फांदीवर आलेली गाठ असते ती, म्हणजे गॉल. बहुतेक गॉल एका बारीकशा गांधीलमाशीमुळे होतात, ती कळीत किंवा पानात अंडं घालते आणि झाड अळीभोवती स्वतःच घर बांधतं, आणि प्रत्येक जातीचं घर वेगळं, म्हणून किडा न दिसताही नुसत्या गाठीवरून ओळख पटते!

आधी गाठ नेमकी कुठे आहे ते बघा, निम्मं काम तिथेच होतं. फांदीवर गोटीएवढी, कडक, तपकिरी गाठ असेल तर मार्बल गॉल, आणि तिला एकच गोल भोक दिसलं तर माशी उडून गेलीये. वसंतात कळीच्या जागी मऊ, स्पंजसारखा, गुलाबीसर गोळा दिसला तर तो ओक ॲपल, कापलात तर आत एक नाही, बऱ्याच अळ्या वेगवेगळ्या खोल्यांत. ॲकॉर्नवर, म्हणजे ओकच्या फळावर, वेड्यावाकड्या कंगोऱ्यांचा चिकट गोळा असेल तर नॉपर गॉल.

पानं मात्र उलटून बघाच, खरी मजा मागे असते. चपट्या टिकल्या, मध्ये किंचित उंचवटा, तर स्पँगल गॉल. मध्ये खड्डा आणि कडेला सोनेरी रेशमी केस असतील तर सिल्क बटन, यासाठी भिंग घ्या, साध्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात.

आणि प्लीज फवारणी करू नका, झाडाला सहसा काही होत नाही.