रबाळे ते वागळे इस्टेट व्हीपीएन: फायरवॉलला हात लावण्याआधी

रबाळ्याच्या कारखान्यातला टॅलीचा सर्व्हर वागळे इस्टेटच्या ऑफिसातून उघडायचा, तर दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या दारावरचे पहारेकरी) आयपीसेकचा टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट (व्हीपीएन), बांधावा लागेल. सगळ्यात आधी दोन्हीकडचे पत्ते तपासा. राउटरच्या वॅन पोर्टवरचा (जिथे इंटरनेटची वायर येते) पत्ता आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधल्यावर दिसणारा पत्ता एकच असेल तर उत्तम. वॅनवर १९२.१६८. किंवा १०. ने (टिंबासकट) सुरू होणारा पत्ता असेल, तर पुढे आणखी एक नॅट, म्हणजे आतल्या मशीनचा पत्ता बदलून बाहेर पाठवणारी यंत्रणा, बसलंय. मोडेम आपला असेल तर तो ब्रिज मोडला (पत्ते न बदलता नुसता पूल) टाकून घ्या. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे इंटरनेटवाल्याचं सीजीनॅट, अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. तिथे आपल्या राउटरवर कितीही पोर्ट (नंबर दिलेली दारं) फॉरवर्ड करा, बाहेरून कोणी आत येत नाही. अशा टोकानेच कनेक्शन सुरू करायचं आणि दुसऱ्याने वाट बघायची. दोन्ही टोकं तशीच असतील तर एका जागी स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा सार्वजनिक पत्ता) घ्याच, तिथे पैसे वाचवू नका.

मग आतले पत्ते. दोन्हीकडे १९२.१६८.१.० असेल (बहुतेक असतंच), तर एक बाजू आत्ताच बदला, नाहीतर कोणता पत्ता कुठल्या बाजूचा हे टनेलला कळणार नाही. प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांचे ठरलेले आयपी लिहून काढा. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडेच असतो, त्याला आदल्या दिवशीच फोन करा.

आता पोर्ट. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. यूडीपी ५०० आणि यूडीपी ४५००, दोन्ही हवेत (यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवायचे दोन प्रकार). ५० हा ईएसपीचा (आयपीसेकमधला, डेटा गुप्त करून नेणारा भाग) प्रोटोकॉल नंबर आहे, पोर्ट नव्हे. टीसीपी ५० उघडून काहीही होत नाही. ईएसपीला पोर्टच नसतो, त्यामुळे एका पत्त्यामागे चार मशीन असली की आलेलं पॅकेट कोणाचं हे नॅटला कळत नाही. म्हणून नॅट-टी: ईएसपी यूडीपीत गुंडाळून ४५०० वरून पाठवायची. याचं मानक जानेवारी २००५ मध्ये ठरलं. वाटेत नॅट आहे हे दोन्ही टोकांना सुरुवातीच्या बोलण्यात कळतं आणि ती स्वतःच ४५०० वर जातात. ५०० उघडून ४५०० विसरलात तर लॉगमध्ये सुरुवात छान दिसते आणि गाडी तिथेच अडते. एएच (आयपीसेकचा दुसरा पर्याय) मात्र निवडूच नका. ते पत्त्यासकट पॅकेटवर सही करतं आणि नॅट पत्ता बदलतं, सही जुळणार कशी? राउटरमधलं 'आयपीसेक पासथ्रू' नॅट-टी असताना लागत नाही, उलट कधी कधी आडवं येतं. ते बंद ठेवून बघा.

नॅटमागच्या टोकाची ओळख आयपीऐवजी नावाने द्या, नाहीतर समोरचा खासगी पत्ता बघून नकार देतो. कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) २० सेकंदांवर ठेवा; शांत यूडीपी काही राउटर अर्ध्या मिनिटात विसरतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर टनेल मेलेला सापडतो. पिंग जातं पण टॅली उघडताना लटकतं, असं झालं तर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, बाइटमध्ये) १३५० च्या आसपास उतरवा. जुना पीपीटीपी (जुन्या पद्धतीचं व्हीपीएन) पडून असेल तर काढून टाका.

दोन्ही फायरवॉलच्या सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. रबाळ्याला एक माणूस फायरवॉलजवळ बसवा, नाहीतर चुकीचा नियम लागून दार बंद झालं की भर दुपारी ठाणे-बेलापूर रोड गाठावा लागेल. घरून कोणी जोडणार असेल तर त्याची चाचणी ऑफिसच्या वायफायवर करू नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करा.