परतीच्या आदल्या रात्री मुलांच्या सॅक उपसा

मुलांच्या मित्रांच्या कुटुंबांसोबत परदेशी सहलीला निघताना आपण जेवढे काटेकोर असतो तेवढे परतताना नसतो, आणि घोळ तिथेच होतात. म्हणून हॉटेल सोडायच्या आदल्या रात्री मुलांच्या सॅक पलंगावर उलट्या करा. तळाशी शिंपले, दगड, अर्धवट खाल्लेलं सफरचंद, दुसऱ्याच कुणाची तरी टोपी, काय वाटेल ते निघतं. फळं आणि बिया बऱ्याच देशांत आणता येत नाहीत, शिंपल्यांवरही काही ठिकाणी बंदी असते. हलवला की आत बर्फ पडतो तो पाण्याचा काचगोळा मुलांचा जीव की प्राण. पण आत किती पाणी आहे ते वरून कळत नाही, आणि हातातल्या सामानात द्रवाला १०० मिलिलिटरची मर्यादा अजून अनेक विमानतळांवर आहे. जॅम आणि मधही त्यातच धरतात. हे सगळं मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. पॉवरबँकचं मात्र उलटं, ती जवळच ठेवायची.

पासपोर्ट ज्याच्या त्याच्या आईवडिलांकडे द्या. सगळे एकाच पिशवीत ठेवणं सोयीचं वाटतं, इमिग्रेशनच्या रांगा वेगळ्या होईपर्यंत!

विमान उतरायच्या साधारण अर्धा तास आधी मुलांना जागं करा. झोपेत आवंढा कमी गिळला जातो, म्हणून कान दुखतात. तान्ह्याला दूध पाजा, मोठ्यांना पाण्याचे घोट द्या. मित्राशेजारीच बसायचा हट्ट असेल, तर चेक-इन उघडताच सीट निवडा. रात्रीच्या विमानात मात्र मी तो हट्ट पुरवत नाही.