युगांचा तक्ता शिकायला बसण्यापूर्वी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत दर उन्हाळ्यात तरुण संघाचं शिबिर भरायचं. तिथे भिंतीवर एक लांबलचक कापडी तक्ता टांगलेला असे. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला नवं आकाश आणि नवी पृथ्वी, मध्ये वधस्तंभ आणि काळाचे सात तुकडे करणाऱ्या उभ्या रेघा. दहावीच्या सुट्टीत मी तो अख्खा पाठ केला. पुढे सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, ‘डिस्पेन्सेशन’ हा विषय आला, म्हणजे देव वेगवेगळ्या युगांत माणसाशी वेगवेगळ्या रीतीने वागतो ही मांडणी, तेव्हा वाटलं, हे तर मला येतंच.

पहिल्याच चर्चातासाला मी तो तक्ता फळ्यावर काढून दाखवला. सर शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “छान. पण या रेघा कुणी मारल्या?” मला उत्तर देता आलं नाही. नव्याने शिकायला येणाऱ्यांनी सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

सात युगांची ती यादी बहुतेकांनी ऐकलेली असते: पतनापर्यंत निर्दोषत्व, जलप्रलयापर्यंत विवेकबुद्धी, मग मानवी सत्ता, अब्राहामापासून अभिवचन, सीनाय डोंगरावर मोशेला मिळालेलं नियमशास्त्र, आत्ताची कृपा आणि येणारं राज्य. ही मांडणी घरोघर पोचली ती सायरस स्कोफिल्ड या अमेरिकन पाळकाच्या टीपांसह १९०९ मध्ये ऑक्सफर्डने छापलेल्या बायबलमुळे. वर वचन, खाली टीप, दोन्ही एकाच पानावर. वाचणाऱ्याला कुठलं वचन आणि कुठलं स्पष्टीकरण याचं भान राहणं कठीण. त्याच्या आधी जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) हा आयर्लंडमधला अँग्लिकन धर्मगुरू चर्च सोडून प्लिमथ ब्रदरन या नव्या ख्रिस्ती गटात आला होता. इस्राएल आणि मंडळी (ख्रिस्ताचं चर्च) यांच्यासाठी देवाच्या योजना वेगळ्या आहेत, हा विचार त्याने जोराने मांडला. ब्रदरन लोकांचा भारताशी संबंधही जुना आहे: त्यांच्या सुरुवातीच्या लोकांपैकी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा दंतवैद्य बगदादमार्गे १८३३ मध्ये भारतात आला. आणि ते रेखीव तक्ते? क्लॅरेन्स लार्किन आधी मेकॅनिकल इंजिनिअर होता, मग बॅप्टिस्ट पाळक झाला. त्याच्या १९१८ च्या पुस्तकातली चित्रं यंत्राच्या आराखड्यासारखी दिसतात ती उगाच नाहीत.

पण म्हणून काळाचे भाग पाडणं हीच एकोणिसाव्या शतकातली टूम, असं समजू नका. ही चूक मी दुसऱ्या वर्षी केली. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटी इतिहासाचा एक आठवडाच मांडलाय: आदामापासून जलप्रलय, तिथून अब्राहाम, दावीद, बाबेलचा बंदिवास, ख्रिस्त, सहावा दिवस आपला आणि सातवा विसाव्याचा. यातल्या मधल्या सीमा त्याने मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशावळीवरून घेतल्या. चौदा-चौदा पिढ्यांचे ते तीन गट कंटाळवाणे म्हणून आपण वाचनात गाळतो, आणि ऑगस्टीनचं घड्याळ नेमकं त्यांच्यावर चालतं. बाराव्या शतकात फियोरेच्या योआखिम या इटालियन मठवासीने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन युगं सांगितली. त्याच्या अनुयायांनी बेचाळीस पिढ्या गुणिले तीस वर्षं असा हिशेब धरून १२६० सालाकडे डोळे लावले. ते साल आलं आणि गेलं.

आता ‘डिस्पेन्सेशन’ या शब्दाकडे. इथे मराठी वाचकाच्या हाती एक चांगली किल्ली आहे. मूळ ग्रीक शब्द ओइकोनोमिया, म्हणजे घराचा कारभार. इफिसकरांस पत्रात आपल्याकडे त्यासाठी ‘व्यवस्था’ आहे. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धनी आपल्या कारभाऱ्याला ‘आपल्या कारभाराचा हिशेब दे’ म्हणतो, तिथेही मूळ शब्द तोच. सरांनी मला ही दोन वचनं शेजारी ठेवून वाचायला लावली आणि तक्ता डोळ्यांपुढून हलला. युग म्हणजे आधी काळाचा तुकडा नव्हे. घर कुणाचं, कारभारी कोण आणि त्याच्या हाती काय सोपवलं, हे आधी. याच परंपरेतला अमेरिकन धर्मपंडित चार्ल्स रायरी याने १९६५ मध्ये स्कोफिल्डच्या व्याख्येची दुरुस्ती केली तीही याच दिशेने: कालखंडावरचा भर काढून कारभारावर दिला.

उलट एका ठिकाणी मराठी वाचकाला गोम कळतच नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपण ‘सत्याचे वचन नीट सांगणारा’ असं वाचतो. इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात तिथे ‘नीट विभागणारा’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि स्कोफिल्डच्या १८८८ च्या पुस्तिकेचं नावच त्यावरून आलंय. ग्रीकमध्ये ‘सरळ कापणे’ आहे. वचनाचे विभाग पाडा, अशी आज्ञा त्यातून निघते का, यावर वर्गात भांडा. जरूर भांडा.

एक प्रसंग सांगते, कारण या विषयात चूक झाली तर ती कागदावरच राहत नाही. प्रचार-सरावासाठी मला एका खेड्यात पाठवलं होतं. येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर बोलताना मी स्कोफिल्डच्या टीपेचा आधार घेऊन ठासून सांगितलं की हे मुख्यतः येणाऱ्या राज्याचे नियम आहेत. उपासना संपल्यावर एक आजी आल्या. त्यांच्या भावकीत जमिनीचा जुना वाद होता. म्हणाल्या, “बाई, मग ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे मला आत्ता लागू आहे का नाही?” मी म्हटलं, “आहे, आजी.” त्या क्षणी माझं सगळं प्रवचन खोटं ठरलं, आणि ठरलं ते बरंच झालं. त्यानंतर कुठल्याही उताऱ्यावर ‘हे आपल्यासाठी नाही’ असं लिहायचं झालं तर मी रात्रभर थांबते.

तारणाच्या बाबतीत अशीच सावधगिरी ठेवा. योहान १:१७ वरच्या स्कोफिल्डच्या जुन्या टीपेत नियमशास्त्राचं पालन ही तारणाची अट होती, असं ध्वनित होतं. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती टीप बदलली. म्हणजे त्या परंपरेतल्या लोकांनीच ती दुरुस्त केली. जुनी आवृत्ती आजही बऱ्याच घरांत असते, म्हणून टीप वाचण्याआधी छपाईचं साल बघा. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहाम आणि दावीद दोघांनाही विश्वासाच्याच बाजूने उभं केलंय. एक नियमशास्त्राच्या आधीचा, दुसरा नियमशास्त्राखालचा. हा अध्याय पक्का झाल्याशिवाय दानीएलाच्या भाकितातल्या सत्तर सप्तकांकडे (एक सप्तक म्हणजे सात वर्षं, असा हिशेब धरतात) वळू नका. मी वळले होते. एकोणसत्तर सप्तकांची ४८३ वर्षं मोजण्यात माझा एक महिना गेला आणि रोमकर अर्धवट राहिलं.

विरोधी पक्ष वाचाल तेव्हा त्यांचं मूळ लिखाण वाचा, आपल्या पक्षाने केलेला सारांश नको. युगांऐवजी देवाने माणसाशी केलेल्या करारांवरून बायबल वाचणाऱ्यांचा, म्हणजे कराराच्या मांडणीवाल्यांचा, आधार म्हणजे १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासअंगिकार, त्यांच्या श्रद्धेची लेखी मांडणी. त्याच्या सातव्या प्रकरणाच्या शेवटी म्हटलंय की कृपेचे दोन वेगळे करार नाहीत, एकच आहे, वेगवेगळ्या डिस्पेन्सेशनांखाली. हो, तिथेही शब्द हाच, डार्बीच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी. ते प्रकरण आणि रायरीची व्याख्या समोरासमोर ठेवून पेन्सिलीने खुणा करत वाचा. या एवढ्यावर अख्खं सत्र गेलं तरी जाऊ द्या.