पुण्याहून चिपळूण : अवघड घाट टाळून

देशावरून कोकणात उतरायचं तर सह्याद्री चुकत नाही. निवड फक्त घाटाची. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली अंतराने जवळचे, पण वळणं जास्त. वरंधा तर पावसाळ्यात अनेकदा बंदच असतो. त्यापेक्षा द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरून खोपोली, पाली, वाकण, माणगाव, महाड, पोलादपूर असं जा. किलोमीटर वाढतात, पण रस्ता रुंद मिळतो. पुढे कशेडीला बोगदा आहे. जुन्या घाटरस्त्यावर वळू नका.

गुगल मॅप्समध्ये ‘घाट टाळा’ असा पर्याय नाही. म्हणून खोपोली आणि वाकण हे थांबे स्वतः घाला. पिन बाजारपेठेत नको, फाट्याच्या थोडं पुढे हमरस्त्यावरच टाका. नाहीतर फोन गल्लीत शिरवतो, आणि थांबा हुकला की मागे वळायला सांगत बसतो. निघताना ‘वेळ वाचेल’ म्हणत तो ताम्हिणी सुचवू शकतो. सरळ नाकारा.

बोरघाट उतरतानाही खालचाच गिअर ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक लागेनासा होतो. असं झालं तर सुरक्षित जागी थांबून ते निवू द्या. चाकांवर पाणी ओतू नका.