हरभऱ्यात बियाण्यासाठी झाड कसं निवडावं

मुरबाड-शहापूरकडे भातानंतर उरलेल्या ओलीवर हरभरा घेता ना? मग बियाण्यासाठी उंच, हिरव्यागार झाडाला भुलू नका. ओल संपण्याआधी फुलणारं झाडच तिथे घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरतं.

बांधाकडची झाडं सोडा; त्यांना जागा आणि ऊन जास्त मिळतं, म्हणून ती फसवतात. मधल्या ओळींत, चारही बाजूंना शेजारी असलेल्या झाडाला दोरा बांधा. उत्पन्नाशी सर्वांत जवळचं नातं भरलेल्या घाट्यांच्या संख्येचं. प्रत्येक घाटा बोटांत दाबा. फुसका किंवा अळीने गोल भोक पाडलेला मोजू नका.

झाड कापून कडक वाळवा, वजन करा, मग मळून दाणे तोला. झाड 30 ग्रॅम, दाणे 12 ग्रॅम, म्हणजे कापणी निर्देशांक (झाडाच्या वजनातला दाण्यांचा वाटा) 40 टक्के. तुलना एकाच दिवशी कापलेल्या झाडांचीच करा, कारण पानगळीने आकडा फुगतो. 100 दाणेही तोला. घाटे वाढले की दाणा अनेकदा बारीक होतो.

एका झाडाच्या आकड्यावर विसंबू नका, त्यात जमिनीचा वाटा मोठा. प्रत्येकाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा, पुढच्या रब्बीत वेगळ्या ओळीत पेरा. हरभरा स्वपरागी आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे चांगली ओळ सहसा तशीच टिकते.