जनावरांच्या बिल्ल्यांवर तालुक्यात किती सरकारी पैसा गेला, हे कसं काढावं

गायीच्या कानातला पिवळा, बारा आकडी बिल्ला शेतकऱ्याला फुकट मिळतो. सरकारला तो फुकट पडत नाही. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे जनावरांचे रोग आवरण्यासाठी केंद्राने २०१९ साली पाच वर्षांकरता १३,३४३ कोटी रुपये मंजूर केले. बिल्ल्यांचं काम त्याच कार्यक्रमात येतं. एवढ्या आकड्याचं आपण काय करणार? आपल्या तालुक्याला, म्हणजे नाशिक जिल्ह्यात सिन्नरला किंवा सुरगाण्याला, किती गेले, ते माहिती अधिकारात विचारा.

१. अर्ज लिहा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. मजकूर असा ठेवा: ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात तालुक्याला मिळालेले, जनावरांना मारलेले, बिल्ला पडल्याने पुन्हा दिलेले आणि शिल्लक बिल्ले यांची संख्या, बिल्ले मारण्यासाठी व ऑनलाइन नोंदीसाठी दिलेलं मानधन, साठा नोंदवही व देयकांच्या प्रती.’ ‘एवढा खर्च का झाला?’ असं विचारू नका. कागद मागितला तर कागद मिळतो, कारण मागितलं की टोलवाटोलवी.

२. अर्ज द्या. पंचायत समितीतल्या पशुसंवर्धन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. कार्यालय चुकलं तरी अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम.

३. उत्तर नीट वाचा. खरी गंमत इथे आहे. समजा, बिल्ले आले १०,०००, शिल्लक २,०००, आणि नोंद झालेली जनावरं ६,५००. मग १,५०० बिल्ले गेले कुठे? त्यात चोरीच असेल असं नाही. डांगी बैल तारेच्या कुंपणाला कान घासतो, बिल्ला निघतो, पाळीला चीर पडते. पुन्हा बिल्ला म्हणजे डॉक्टरची चक्कर आणि ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन नोंदीच्या प्रणालीत जुन्या नंबरच्या जागी नवा. देयकं आणि मानधन यांची बेरीज करून तिला नोंद झालेल्या जनावरांच्या संख्येने भागा, की दर जनावरामागचा खर्च निघतो. डॉक्टरचा पगार मात्र या हिशेबात दिसत नाही, म्हणून हाती आलेला दर जनावरामागचा आकडा कमीच धरा.

शेतकऱ्याचा खर्च तर कुठल्याच देयकात नाही. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. घोटीच्या बाजाराला निघायच्या आदल्या दिवशी बिल्ला पडलेला दिसला, तर दवाखान्याची खेप आणि बुडालेली मजुरी त्याच्याच खिशातून. गावातल्या चार-पाच जणांकडून हे आकडे विचारून शेजारी लिहा. बिल्ला हवाच, नाहीतर लम्पीसारखी साथ कुठून कुठे गेली ते कळणार नाही. पण त्याची किंमत पूर्ण मांडली पाहिजे.

४. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांनंतर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यासाठी मुदत पुढचे तीस दिवस. तिथेही दाद मिळाली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. पोचपावत्यांच्या झेरॉक्स जोडायला विसरू नका.