फोन दुकानात देण्याआधी

दुरुस्तीच्या दुकानात फोन दिला की पावतीवर नाव-नंबर लिहून होतो आणि लगेच प्रश्न येतो, "लॉक काय आहे?" काही ठिकाणी पावतीवरच नऊ ठिपके छापलेले असतात. गिऱ्हाईक त्यावर पॅटर्न काढून देतं आणि ती पावती रबरबँड लावून फोनलाच गुंडाळली जाते. कुलपाला किल्ली बांधून ठेवावी तसं हे झालं. दुकानदार वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. पण त्या फोनमध्ये आधारचा फोटो असतो, बँकेचे मेसेज असतात, मुलीचे फोटो असतात, डॉक्टरांचे रिपोर्ट असतात आणि आपल्यावर विश्वास ठेवून लोकांनी लिहिलेलं बरंच काही असतं. ते जपणं आपलं काम आहे, म्हणून घरातून निघण्याआधीच तयारी करा.

मुळात लॉक सांगायची गरज आहे का, ते आधी बघा. डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंग पिन बदलायला लॉक लागत नाही. काम झाल्यावर टच, स्पीकर, माइक चालतात का हे तपासायला ते लागतं, आणि ती तपासणी तुम्ही फोन घ्यायला जाल तेव्हा तुमच्यासमोर होऊ शकते. "दादा, न्यायला येईन तेव्हा मीच उघडून देईन," एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक दुकानदार ऐकतात. नाहीच ऐकलं तर दुसरं दुकान गाठा. बिघाड सॉफ्टवेअरचा असेल आणि फोन उघडा द्यावाच लागणार असेल, तर सॅमसंगच्या बऱ्याच नव्या फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे आणि गुगल पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो चालू केला की फोन पुन्हा सुरू होतो आणि समोरच्याला कोरा फोन दिसतो. तुमचे फोटो, मेसेज, ॲप तुमचं लॉक टाकेपर्यंत बंद राहतात. ही सोय नसेल तर बॅकअप घेऊन फोन रिसेट करा आणि रिकामाच द्या. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

बॅकअप तर कुठल्याही दुरुस्तीआधी घ्याच. व्हॉट्सॲपचा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याला पासवर्ड लावायची सोय तिथेच, चॅट बॅकअपच्या पानावर आहे. मग सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिम फोनमध्ये राहिलं तर ओटीपी दुकानात येत राहतात आणि लॉक असलेल्या स्क्रीनवरही ते वाचता येतात, त्यामुळे लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंगही आत्ताच करून टाका. सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचतात. ई-सिम, म्हणजे कार्ड नसलेलं, फोनमध्येच बसवलेलं सिम असेल तर ते काढून घेता येत नाही. अशा वेळी लॉक न सांगणं आणखी महत्त्वाचं.

डिस्प्लेच गेला असेल तर यातलं बरंचसं करता येत नाही. तरी सिम काढता येतं. ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथे व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं. गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर तुमच्या फोनांची यादी असते, तिथून बंद पडलेला फोन साइन आउट करा.

फोन परत आला की दुकानातून निघण्याआधी व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे चालू आहे ते तिथे दिसतं. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉग आउट करा. ॲपच्या यादीवरही एक नजर टाका आणि न ओळखीचं काही असेल तर काय आहे ते तिथेच विचारा. लॉक सांगावं लागलं असेल तर घरी पोहोचायच्या आत बदला.

विकताना किंवा एक्स्चेंजमध्ये देताना सगळा गोंधळ क्रमाचा होतो. नवा फोन घेऊन आलेला माणूस दारात उभा असतो आणि आपण घाईघाईने एकेक फोटो डिलीट करत बसतो. असं मुळीच करू नका. गुगल फोटोज जोडलेलं असेल तर इथे उडवलेला फोटो खात्यातूनही उडू शकतो. आदल्या दिवशीच बॅकअप नीट झालाय का ते नव्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून बघा. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू करा. ओटीपी बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर त्यातली खाती आधी हलवा. रिसेटनंतर ती परत मिळवताना नाकी नऊ येतात. त्यानंतर सेटिंग्जमधून गुगल खातं काढा. आयफोन असेल तर हरवलेला फोन शोधणारं 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. रिसेट सगळ्यात शेवटी. खातं न काढता बटणं दाबून रिसेट केलेला फोन पुन्हा सुरू होताना जुनं खातं किंवा जुनं लॉक मागतो, मग घेणारा फोन करून पासवर्ड विचारतो आणि भिडेपोटी लोक तो सांगतात.

हल्लीच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि रिसेट केल्यावर ती उलगडणारी कळच नष्ट होते, त्यामुळे रिसेट पुरेसा आहे. फार जुना अँड्रॉइड असेल तर आधी सेटिंग्जमध्ये 'एन्क्रिप्ट फोन' करा, मग रिसेट करा. मेमरी कार्ड मात्र विकूच नका.

रिसेटआधी *#०६# डायल करून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. ओळखीच्या माणसाला विकत असलात तरी कागदावर तो क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. पुढे त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला आणि पोलिसांनी विचारलं, तर फोन कधी आणि कोणाला दिला हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर आधारचे शेवटचे चारच अंक दिसतात ती मास्क्ड प्रत द्या. ती आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करता येते.